छत्तिसाव्या वर्षी 'वय झालेली' अँकर : ख्रिस्टीन क्राफ्टचं प्रकरण

टीव्ही न्यूजमध्ये नव्याने येणाऱ्या प्रत्येक मुलीने हे प्रकरण एकदा तरी नीट समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. अमेरिकेतलं आहे, चाळीसपेक्षा जास्त वर्षं जुनं आहे, पण यातली एकही पायरी आपल्याकडच्या लोकल चॅनेलवर काम केलेल्या माणसाला अनोळखी वाटणार नाही. इंटरव्ह्यूत गोड बोलणं, तोंडी आश्वासन, दोन महिन्यांत कपड्यांवर टिप्पणी, मग कुठला तरी सर्व्हे, आणि शेवटी एक दिवस केबिनमध्ये बोलावून 'प्रेक्षकांना तू आवडत नाहीस'. फरक एवढाच की ख्रिस्टीन क्राफ्ट गप्प घरी गेली नाही, कोर्टात गेली, आणि त्यामुळे एरवी केबिनच्या बाहेर न येणारी सगळी भानगड रेकॉर्डवर आली.

आधी ती कोण होती ते सांगते. १९४४ चा जन्म, कॅलिफोर्नियाची, समुद्रावर सर्फिंग करणारी, उन्हातान्हात वावरलेली बाई. टीव्हीत ती उशिरा आली, तिशीच्या आसपास, १९७० च्या दशकाच्या मध्यावर, सॅलिनास नावाच्या छोट्या शहरातल्या केएसबीडब्ल्यू या स्टेशनवर हवामान सांगायला. अमेरिकेतलं लोकल टीव्हीचं गणित आपल्यापेक्षा वेगळं आहे ते इथे लक्षात घ्यायला हवं. तिथे प्रत्येक शहराची स्वतःची स्टेशन्स असतात, ती एबीसी, सीबीएस, एनबीसी अशा कुठल्या तरी नेटवर्कशी जोडलेली, म्हणजे रात्रीच्या मालिका नेटवर्कच्या पण संध्याकाळचं आणि रात्रीचं बुलेटिन स्टेशनचं स्वतःचं, आणि त्या बुलेटिनच्या जाहिरातींचा पैसा थेट स्टेशनच्या खिशात. त्यामुळे अँकरचा चेहरा म्हणजे स्टेशनची मालमत्ताच. पत्रकार छोट्या शहरात सुरुवात करतो, मग त्याहून मोठं, मग त्याहून मोठं अशी शिडी चढतो. क्राफ्टही तशीच चढली, सॅलिनासहून सॅन फ्रान्सिस्कोच्या केपीआयएक्सला गेली, आणि तिथून थेट सीबीएस नेटवर्कवर, महिला खेळाडूंवरच्या एका सेगमेंटसाठी.

आणि तिथेच तिला पहिला चटका बसला. सीबीएसने तिचे केस ब्लीच करून टाकले, जाड मेकअप थापला, भुवया काळ्या केल्या, आणि पडद्यावर जी बाई दिसायची ती तिला स्वतःलाच ओळखू येईना. हे साधारण १९७७-७८ चं. करार पुढे वाढला नाही आणि ती परत कॅलिफोर्नियात आली, सांता बार्बराच्या केईवायटी या छोट्या स्टेशनवर, जिथे ती अँकरिंग करायची, रिपोर्टिंगही करायची, आणि अंगावर स्वतःचेच कपडे घालायची. सगळ्यांना वाटतं की छोट्या स्टेशनवर परत येणं म्हणजे पाय घसरणं, पण माझं स्पष्ट मत आहे की त्या वेळी तिने घेतलेला तो सगळ्यात शहाणपणाचा निर्णय होता, कारण पत्रकार म्हणून तिचा हात तिथेच बसला.

आता मूळ प्रकरण. मिझुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीत केएमबीसी नावाचं एबीसीशी जोडलेलं स्टेशन होतं, मालक मेट्रोमीडिया ही मोठी कंपनी. बुलेटिन एकटा स्कॉट फेल्डमन वाचायचा, रेटिंग म्हणावं तसं नव्हतं, आणि वरच्या लोकांना वाटत होतं की बुलेटिन फार थंड वाटतं, त्यात जरा ऊब हवी. म्हणून जोडीला एक बाई बसवायची असं १९८० च्या अखेरीस ठरलं. उमेदवारांच्या टेप्स आणून दिल्या डॅलसच्या मीडिया असोसिएट्स या सल्लागार कंपनीने, त्यात क्राफ्टची केईवायटीची टेप होती. न्यूज डायरेक्टर रिज शॅननला ती आवडली आणि डिसेंबर १९८० मध्ये तिला इंटरव्ह्यू आणि ऑडिशनला बोलावलं.

या इंटरव्ह्यूत जे झालं त्यावर पुढची पाच वर्षं वकील भांडत होते. क्राफ्टचं म्हणणं असं की तिने शॅननला आणि जनरल मॅनेजर केंट रेप्लोगलला तोंडावर सांगितलं, सीबीएसमध्ये माझं काय झालं ते बघा, तुम्हाला मला नटवून दुसरंच काहीतरी करायचं असेल तर ही नोकरी मला नको. आणि त्यांनी सांगितलं की तसलं काही मनात नाही, आम्हाला तुझी पत्रकारिता हवी आहे. स्टेशनचं म्हणणं वेगळं, की कॅमेऱ्यासमोर बसणाऱ्या कुणालाही जे थोडेफार बदल सुचवतात तेवढे सुचवू असं आम्ही बोललो होतो. करार दोन वर्षांचा झाला, पहिल्या वर्षी ३५,००० डॉलर आणि दुसऱ्या वर्षी ३८,५००. आणि 'दिसण्यात बदल करणार नाही' हे त्या करारात कुठेही नव्हतं. उलट स्टेशनला तिचं काम बदलायची मोकळीक होती, पगार दिला की झालं.

मला या ठिकाणी थांबावंसं वाटतं. कारण तिने विचारलं होतं. आपण मुलींना नेहमी सांगतो की आधी विचारून घ्या, स्पष्ट बोला, घाबरू नका. तिने ते सगळं केलं, ३६ वर्षांची अनुभवी बाई, एकदा पोळलेली, पूर्ण शुद्धीत विचारून गेली. फक्त जे विचारलं आणि जे उत्तर मिळालं ते कागदावर आलं नाही.

जानेवारी १९८१ मध्ये ती कॅन्सस सिटीत रुजू झाली आणि थोड्याच दिवसांत मीडिया असोसिएट्सची लिन विल्फर्ड नावाची सल्लागार दाखल झाली. दोन्ही अँकर्सना सूचना मिळाल्या, हे मुद्दाम सांगते, कारण पुढे कोर्टात हेच महत्त्वाचं ठरलं. फेल्डमनला सांगितलं वजन कमी कर, अंगाला नीट बसणारे सूट घाल, कोटाच्या आत स्वेटर घालू नकोस. क्राफ्टला सांगितलं मेकअप असा कर, ब्लाउज असा, जॅकेट तसं, रंग हे नकोत. इथपर्यंत कुणी म्हणेल की बरोबरीच आहे. पण फेल्डमनचं प्रकरण त्या यादीवर संपलं आणि क्राफ्टचं तिथून सुरू झालं.

एप्रिलच्या सुमारास प्रेक्षकांचे छोटे छोटे गट बसवले, ज्याला फोकस ग्रुप म्हणतात, त्यांना बुलेटिन दाखवायचं आणि बोलतं करायचं. तिथे लोकांनी तिच्या कपड्यांवर आणि दिसण्यावर नापसंतीच्या गोष्टी बोलल्या. पण त्या कशा बोलवल्या गेल्या ते बघा. गट चालवणारा माणूस लोकांना म्हणतो की चला, आता तीस सेकंद ख्रिस्टीन क्राफ्टची चिरफाड करू, आणि विचारतो की ती भटकं कुत्रं वाटते का. ज्याला थोडंफार फील्डवर जाऊन लोकांचे बाईट घ्यायची सवय आहे त्याला हे कळायला वेळ लागणार नाही. रस्त्यावरच्या माणसाला माईक लावून 'इथले खड्डे बघून तुम्हाला संताप येतो ना?' असं विचारलं तर तो हो म्हणणारच. प्रश्नातच उत्तर भरून दिलं की मग तो सर्व्हे राहत नाही, ती चिथावणी होते. आणि पत्रकारितेच्या धंद्यातल्या लोकांनी, ज्यांचं रोजचं काम प्रश्न विचारणं आहे, त्यांनी हे पैसे मोजून विकत घेतलं याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

मग आलं ते कॅलेंडर. या सबंध प्रकरणात मला सगळ्यात जास्त टोचणारी वस्तू हीच. मेसीज या डिपार्टमेंट स्टोअरशी बोलणं करून तिच्यासाठी कपडे आणले, ते अंगावर घालून कॅमेऱ्यासमोर बसवून बघितले, जे चालतील ते ठेवले, जे चालणार नाहीत ते परत, आणि मग एक कॅलेंडर बनवलं की कुठल्या दिवशी ती काय घालणार. म्हणजे सकाळी उठून ही बाई बातम्यांचा विचार करायच्या आधी भिंतीवर बघणार की आज आपल्याला कुठलं जॅकेट आणि कुठला ब्लाउज नेमून दिलाय. फेल्डमनसाठी असं कॅलेंडर नव्हतं. स्टेशनवरच्या दुसऱ्या कुठल्या पुरुषासाठीही नव्हतं. शाळेत युनिफॉर्म असतो तेव्हा निदान तो सगळ्या वर्गाला असतो.

गंमत अशी की... नाही, गंमत म्हणायला नको, चीड येते. या सगळ्या काळात बुलेटिन चांगलं चाललं होतं. मे १९८१ च्या रेटिंगमध्ये केएमबीसी शहरात पहिल्या नंबरवर आलं, तीन वर्षांत पहिल्यांदा. ज्या कारणासाठी तिला आणलं ते कारण पूर्ण झालं होतं. पण रेटिंग एका बाजूला आणि सल्लागारांचा फोन सर्व्हे दुसऱ्या बाजूला. शहरातल्या सुमारे ४०० लोकांना फोन करून अँकर्सबद्दल मतं विचारली, ऑगस्टमध्ये निकाल आला, त्यात क्राफ्टचे आकडे वाईट, आणि सल्लागारांचा निष्कर्ष की ती राहिली तर पुढे प्रेक्षक तुटतील. प्रत्यक्ष बघणाऱ्यांचा आकडा वर चाललेला असताना 'पुढे तुटतील' या अंदाजावर माणूस काढायचा हे मला धंद्याच्या हिशेबानेही पटत नाही, पण मेट्रोमीडियाला पटलं.

१४ ऑगस्ट १९८१ ला शॅननने तिला बोलावून सांगितलं की तू आजपासून अँकर नाहीस, रिपोर्टर म्हणून राहा, पगार तोच. क्राफ्टच्या साक्षीप्रमाणे त्याने कारणं तीन दिली : प्रेक्षकांना तू फार वयस्कर वाटतेस, दिसायला आकर्षक वाटत नाहीस, आणि तू पुरुषांपुढे नमतं घेत नाहीस. हे वाक्य पुढे देशभर गाजलं. शॅननने आपण असं बोललोच नाही असं कोर्टात सांगितलं. बंद खोलीत दोनच माणसं होती त्यामुळे कोण खरं ते ज्यूरीवर, म्हणजे खटला ऐकून कौल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटावर गेलं, आणि दोन वेगवेगळ्या ज्यूरींनी तिच्या बाजूने कौल दिला एवढं मी सांगू शकते.

या 'पुरुषांपुढे नमतं न घेण्या'चा अर्थ काय तो समजून घ्यायला हवा. जोडीने बुलेटिन करताना एकाची बातमी संपली की दुसरा काहीतरी बोलतो, प्रश्न विचारतो, कधी चूक दुरुस्त करतो, म्हणजे दोन पत्रकार शेजारी बसलेत हे दिसतं. पण त्या काळच्या सल्लागारांच्या डोक्यातली जोडी अशी की पुरुष माहिती देणार आणि बाई शेजारी बसून प्रसन्न दिसणार, मान हलवणार. बेसबॉलबद्दल एखाद्या बाईला पुरुष सहकाऱ्यापेक्षा जास्त माहीत असणं हेसुद्धा त्या चित्रात बसत नव्हतं, आणि ही तर खेळांवर नेटवर्कला काम करून आलेली.

रिपोर्टर म्हणून राहायला तिने नकार दिला, आणि ती सांता बार्बराला केईवायटीत परत गेली. इथे बरेच जण विचारतात की पगार तोच होता तर राहायचं ना, रिपोर्टिंग काय कमी दर्जाचं काम आहे का? अजिबात नाही, मी तर म्हणेन रिपोर्टिंग हेच खरं काम. पण शहराने रोज संध्याकाळी जिला बघितलं तिला एका रात्रीत खुर्चीवरून उठवून त्याच शहरात माईक घेऊन फिरायला लावायचं, प्रत्येक ठिकाणी 'काय हो, तुम्हाला का काढलं?' हा प्रश्न घ्यायचा, आणि ते ज्या कारणासाठी काढलं त्या कारणावर सही केल्यासारखं व्हायचं. ती नाही म्हणाली ते योग्यच केलं.

तिने मेट्रोमीडियावर दावा लावला. मुद्दे मुख्य तीन. एक, स्त्री म्हणून भेदभाव, १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सातव्या प्रकरणाखाली. दोन, समान कामाला समान पगार नाही. तीन, फसवणूक, म्हणजे दिसण्यात बदल करणार नाही असं खोटं सांगून नोकरीवर आणलं. वयाचा मुद्दा यात का नाही असा प्रश्न पडेल. कारण अमेरिकेत वयावरून होणाऱ्या भेदभावाविरुद्धचा १९६७ चा कायदा चाळिशी आणि त्यापुढच्या लोकांनाच लागू होतो. ती ३६ ची होती. पडद्यासाठी ती म्हातारी ठरली पण कायद्यासाठी अजून तरुण होती, आणि या दोन्हींच्या मधल्या फटीत टीव्हीतल्या कितीतरी बायकांचं करिअर पडतं, कारण आपल्या धंद्यात बाईचं 'वय' चाळिशीच्या कितीतरी आधी सुरू होतं.

जुलै-ऑगस्ट १९८३ मध्ये कॅन्सस सिटीतच खटला चालला. शहरातल्या टीव्हीबद्दलचा खटला, त्याच शहरात, देशभरचे पत्रकार कोर्टाबाहेर. फोकस ग्रुपमधलं ते बोलणं, कॅलेंडर, सगळं बाहेर आलं. ८ ऑगस्टला ज्यूरीने तिच्या बाजूने निकाल दिला, ५ लाख डॉलरची भरपाई. पेपरांत फोटो, मुलाखती, तिच्यासारख्याच अनुभवातून गेलेल्या बायकांना वाटलं की चला, कुणीतरी जिंकलं.

आणि मग कायद्याची बारीक अक्षरं आडवी आली. त्या वेळच्या कायद्यात भेदभावाच्या दाव्यावर ज्यूरीचं मत हा नुसता सल्ला होता, खरा निर्णय न्यायाधीशाचा. न्यायाधीश जोसेफ स्टीव्हन्स यांनी ऑक्टोबरच्या शेवटी ज्यूरीचा निकाल बाजूला ठेवला. भेदभाव झालेला नाही असं त्यांनी ठरवलं, आणि फसवणुकीच्या मुद्द्यावर ज्यूरी प्रसिद्धीच्या गदारोळात वाहवत गेली, रक्कम अवाजवी आहे असं म्हणून नवा खटला घ्यायला सांगितलं. भेदभाव का नाही? तर स्टेशनने दिसण्याचे नियम बाई आणि पुरुष दोघांनाही लावले, क्राफ्टची कपडे आणि मेकअपची जाण सरासरीपेक्षा कमी होती, म्हणून तिच्यावर जास्त लक्ष द्यावं लागलं, आणि कॅन्सस सिटी जरा जुन्या वळणाचं शहर आहे.

मी हे जितक्या वेळा वाचते तितक्या वेळा मला एकच वाटतं. नियम दोघांनाही होते हे खरं, पण नियमाचं माप कुठून आलं? पुरुषासाठी माप होतं 'नीटनेटका दिसतो का'. ते एकदा जमलं की सुटका. बाईसाठी माप होतं 'आवडते का', आणि ते कधीच पूर्ण होत नाही, कारण ते तिच्या हातात नसून बघणाऱ्याच्या मनात असतं. फेल्डमनचं वजन दोन किलो कमी झालं की विषय संपला. क्राफ्टने नेमून दिलेलं जॅकेट नेमून दिलेल्या दिवशी घातलं तरी ऑगस्टमध्ये ती नापासच. न्यायाधीशांनी दोन याद्या शेजारी ठेवून मोजल्या आणि दोन्हीकडे सूचना आहेत म्हणून समान म्हटलं. याद्यांच्या मागे काय आहे ते बघितलंच नाही, निदान माझ्या वाचनातून तरी.

आणि प्रेक्षकाची आवड हे कारण कुठवर ताणायचं हाही प्रश्न आहेच. प्रेक्षकांना बाई म्हणून नको असेल तर स्टेशन ते ऐकू शकत नाही, हे तर अमेरिकन कोर्टांनी आधीच मान्य केलेलं होतं. मग प्रेक्षकांना विशिष्ट तऱ्हेचीच बाई हवी, तरुण, सुंदर, नमतं घेणारी, हे ऐकायचं का? १९८९ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने अॅन हॉपकिन्सच्या खटल्यात, जिथे एका मोठ्या अकाउंटिंग फर्ममध्ये तिला बढतीसाठी बायकी चाल, मेकअप, दागिने असले सल्ले मिळाले होते, बाईने कसं असावं या साच्यातून घेतलेला निर्णय हा भेदभावच असं म्हटलं. क्राफ्टचा दावा त्या निकालानंतर आला असता तर काय झालं असतं याचा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

जानेवारी १९८४ मध्ये फसवणुकीच्या मुद्द्यावर दुसरा खटला झाला, या वेळी जॉप्लिन या मिझुरीच्याच दुसऱ्या गावात. नवी ज्यूरी, नवं गाव, निकाल पुन्हा क्राफ्टच्या बाजूने, ३ लाख २५ हजार डॉलर. म्हणजे दुसऱ्यांदाही बारकाईने ऐकणाऱ्या सामान्य लोकांना तिचंच खरं वाटलं. पण अपील झालं आणि २८ जून १९८५ ला आठव्या सर्किटच्या, म्हणजे त्या भागातल्या राज्यांच्या, अपील कोर्टाने तेही काढून टाकलं. नोकरीवर घेताना स्टेशनच्या मनात तिला बदलायचं आधीपासून होतं आणि तरी ते खोटं बोलले असं सिद्ध होत नाही, असं कोर्टाचं म्हणणं. फसवणुकीच्या दाव्यात हीच अडचण असते, नंतर शब्द फिरवला एवढं पुरत नाही, शब्द देतानाच तो खोटा होता हे दाखवावं लागतं, आणि माणसाच्या त्या वेळच्या मनात काय होतं ते तोंडी बोलण्यावरून कसं दाखवणार? करारात एक ओळ असती तर हा सगळा मनातला प्रश्न उरलाच नसता. सरळ करारभंगाचा दावा झाला असता.

ती सुप्रीम कोर्टात गेली. मार्च १९८६ मध्ये कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. नऊ न्यायमूर्तींपैकी एकीनेच हे ऐकायला हवं होतं अशी नोंद केली, सँड्रा डे ओ'कॉनर, त्या कोर्टावरच्या तेव्हाच्या एकमेव बाई. पाच लाखांपासून सुरू झालेली भरपाई शून्यावर आली.

दिसणं आणि बातम्या यांचं नातं टीव्हीत राहणारच, हे मला मान्य आहे. आपल्याकडेही १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यावर बातम्या वाचणाऱ्या बायकांच्या साड्यांवर घराघरात चर्चा व्हायची, स्मिता पाटील जीन्सवरच साडी नेसून बातम्या वाचायला बसायच्या हा किस्सा तर सगळ्यांना माहीत आहे. पण दूरदर्शन तेव्हा सरकारचं होतं, पहिली काही वर्षं तिथे जाहिरातीच नव्हत्या, त्यामुळे साडीवरची चर्चा घरातच राहिली, कुणाच्या नोकरीवर आली नाही. एकदा बुलेटिन जाहिरातींवर जगायला लागलं की तीच चर्चा आकडे बनून मॅनेजरच्या टेबलावर येते. अमेरिकेतलं लोकल टीव्ही पहिल्यापासून जाहिरातींवरच जगत आलं आणि म्हणूनच तिथे अँकर कसा दिसावा हे सांगणाऱ्या सल्लागार कंपन्यांचा वेगळा धंदाच उभा राहिला.

तरी जाहिरातींवर जगणाऱ्या टीव्हीत हे असंच व्हावं लागतं असंही नाही, आणि त्याचा पुरावा अमेरिकेतच आहे. ओहायोतल्या क्लीव्हलंड शहराचं डब्ल्यूईडब्ल्यूएस हे स्टेशन १९४७ मध्ये सुरू झालं तेव्हा त्यांनी डोरोथी फुल्डहाइमला घेतलं. ती तेव्हाच ५४ वर्षांची होती! लाल केस, बुटकीशी, तोंडाने फटकळ, मुलाखतीत समोरच्याची भीडभाड न ठेवणारी. ती १९८४ पर्यंत त्याच स्टेशनवर काम करत होती, नव्वदी ओलांडल्यावरही, पक्षाघाताचा झटका येऊन थांबावं लागेपर्यंत. क्राफ्टला ३६ व्या वर्षी प्रेक्षकांना वयस्कर वाटतेस म्हणून उठवलं तेव्हा क्लीव्हलंडचे प्रेक्षक ८८ वर्षांच्या बाईचं रोज ऐकत होते. फोकस ग्रुपमध्ये 'ती भटकं कुत्रं वाटते का' असं विचारायच्या ऐवजी एखाद्या बाईला वीस-तीस वर्षं खुर्चीवर बसू दिलं तर काय होतं ते फुल्डहाइमने दाखवून दिलं होतं.

क्राफ्ट संपली नाही. पुढे सॅक्रामेंटोमध्ये तिने पुन्हा अँकरिंग केलं, रेडिओवर टॉक शो केले, त्या तीन कारणांचंच नाव देऊन आपल्या खटल्यावर पुस्तक लिहिलं, आणि मग पन्नाशीत कायद्याची पदवी घेऊन कॅलिफोर्नियात वकील झाली. कायदाही जरा पुढे सरकला. १९९१ च्या दुरुस्तीने भेदभावाच्या दाव्यात ज्यूरी मागायचा हक्क आणि भरपाई दोन्ही आलं, म्हणजे १९८३ मध्ये ज्यूरीचं मत ज्या दाराने बाजूला सारलं गेलं ते दार बरंचसं बंद झालं.

आपल्याकडच्या मुलींसाठी मला यातून दोनच कामाच्या गोष्टी काढाव्याशा वाटतात आणि दोन्ही अगदी साध्या आहेत. इंटरव्ह्यूत जे तोंडी ठरलं ते घरी जाऊन त्याच दिवशी मेल करा, 'आज आपलं असं असं बोलणं झालं', एवढं पुरतं, समोरच्याने उत्तर दिलं नाही तरी ती नोंद राहते. माझ्या ओळखीतल्या एका मुलीला एका चॅनेलने फील्ड रिपोर्टर म्हणून घेतलं आणि नंतर स्टुडिओत शो-पीससारखं बसवलं, तिने विचारलं तेव्हा असं कधी ठरलंच नव्हतं म्हणाले, आणि तिच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. आणि दुसरं म्हणजे कपड्यांवर, चेहऱ्यावर, वजनावर सूचना आली की ती व्हॉट्सअॅपवर किंवा मेलवर लिहून द्या असं शांतपणे म्हणायचं. जी सूचना खरंच कामाची असते ती लिहून देताना कुणाची बोटं अडखळत नाहीत.

हा प्रश्न क्राफ्टबरोबर संपला असंही नाही. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या एनवाय१ या लोकल न्यूज चॅनेलच्या पाच अँकर्सनी, साधारण चाळिशी ते साठीच्या आसपासच्या बायकांनी, वय आणि स्त्रीपणावरून आपल्याला हळूहळू बाजूला सारलं जातंय असा दावा लावला. वेळ कमी केला, तरुण अँकर्स आणि पुरुषांना पुढे केलं, पुरुष सहकाऱ्याला जाहिरात मोहीम मिळते ती आम्हाला नाही, असं त्यांचं म्हणणं. चॅनेलने आरोप नाकारले. या वेळी चाळीसची अट पार झालेली होती, कायदा त्यांच्या बाजूने जास्त होता. डिसेंबर २०२० मध्ये तडजोड झाली, आणि त्या तडजोडीत पाचही जणी चॅनेल सोडून गेल्या.